ऋतूच्या नावावर खोकला

मुंबईतून मोसमी पाऊस माघारी फिरण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर. भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये जुन्या तारखा सुधारल्या, तेव्हा ही ठरली. दरवर्षी ती थोडी पुढेमागे होते. पाऊस जातो, ऑक्टोबरचं ऊन तापून निवतं, पहाटे पंखा जरा कमी करावासा वाटू लागतो आणि त्याच सुमारास गल्लीतल्या डॉक्टरांच्या दवाखान्यातली बाकं भरू लागतात. दोन आठवडे झाले तरी न जाणारा कोरडा खोकला. रात्री दोन-तीनच्या सुमारास उठवणारी धाप. लहान मुलाच्या छातीतली घरघर आईला आधी कानांनी नव्हे, पाठीवर ठेवलेल्या हाताला कळते. बाकावर बसलेल्या माणसांचं आपापसात एकमत असतं: हवा बदलली ना, दिवाळीच्या सुमारास हे व्हायचंच.

या एकमताविरुद्ध मला हा लेख लिहायचा आहे. त्यात खोटं फारसं काही नाही. ऋतू बदलतो, थंड हवेने श्वासनलिका आकसतात, फ्लूचे आणि इतर विषाणू फिरत असतात. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची वर्षभराची धूळ खाली येते, भिंतींना नवा रंग लागतो, चकल्या तळताना तेलाचा धूर घरभर होतो. यातलं प्रत्येक कारण खरं आहे. पण सगळा दोष ऋतूवर टाकला की जे माणसांनी हवेत सोडलं आहे त्याची चौकशी होत नाही. खोकणाऱ्याची प्रकृतीच नाजूक ठरते, त्याला काढा आणि वाफारा मिळतो आणि विषय मिटतो. हिवाळा हवेत धूर घालत नाही. तो फक्त भांड्यावर झाकण ठेवतो. आत काय शिजतं आहे, हे ठरवणारे आपण आहोत.

हे झाकण कसं बसतं, ते नीट पाहण्यासारखं आहे. शाळेच्या भूगोलात आपण शिकलो की दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे वाहतात आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे. पावसाळ्याचे चार महिने नैर्ऋत्येचा जोरदार वारा आणि पाऊस मिळून हवा धूत राहतात, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईची हवा वर्षातली सर्वांत स्वच्छ असते. पाऊस गेला की वारा मंदावतो, त्याची दिशा बदलते, तो जमिनीवरून कोरडा आणि धुळीसकट येऊ लागतो. त्यातच रात्रीचं आकाश निरभ्र असतं. जमीन भराभर निवते, तिला टेकलेला हवेचा थर गार आणि जड होतो, त्याच्यावर उबदार थर राहतो. एरवी वर जाईल तसा गारवा वाढतो, इथे काही उंचीपर्यंत उलटं होतं. मग चुलीचा, बेकरीचा, ट्रकचा, पेटलेल्या कचऱ्याचा धूर वर चढायचं सोडून गार थरात अडकतो. भर दुपारी धुराला मिसळायला एक-दीड किलोमीटर उंचीची हवा मिळते. पहाटे तीच उंची काहीशे मीटरवर येते. धूर तेवढाच राहिला तरी प्रत्येक श्वासातला त्याचा वाटा कितीतरी वाढतो. आणि नेमक्या याच वेळी आजोबा फिरायला बाहेर पडतात, मुलं शाळेच्या बसची वाट पाहत उभी असतात, सफाई कामगार रस्ता झाडत असतात.

तरीही समुद्र आपल्याला सांभाळून घेईल, असा मुंबईला फार काळ भरवसा होता. धुरक्याने गुदमरायची ती दिल्ली, आपल्याकडे खारा वारा आहे. २०२२-२३च्या हिवाळ्याने हा भरवसा मोडला. प्रशांत महासागरात ला निना सलग तिसऱ्या वर्षी टिकून होती. त्या वर्षी मुंबईवरच्या वाऱ्यांचं नेहमीचं चक्र बिघडलं. 'सफर' या हवा-गुणवत्ता अंदाज यंत्रणेचे संस्थापक डॉ. गुफरान बेग यांनी त्याची मांडणी अशी केली: एरवी दर तीन-चार दिवसांनी समुद्राकडून वेगवान वारा येऊन शहर साफ करतो, त्या हिवाळ्यात ही पाळी खूप लांबली आणि शहराचा धूर शहरातच साठत गेला. डिसेंबर-जानेवारीतल्या काही दिवशी मुंबईच्या हवेचा आकडा दिल्लीपेक्षा वाईट होता. हवामानातला तो फेरबदल हे निमित्त होतं. अडकायला धूर आणि धूळ तयारच होती.

ती कुठून आली, हे शहरात कुठेही उभं राहून दिसतं. जुन्या इमारतींचा पुनर्विकास, मेट्रोचे मार्ग, खोदलेले रस्ते, सिमेंट-काँक्रीट कालवणारे आरएमसी प्रकल्प, उघड्या डंपरमधून सांडत जाणारी माती. ही माती एकदा रस्त्यावर पडली की प्रत्येक चाकाबरोबर पुन्हा उडते. मात्र डोळ्यांना दिसणाऱ्या या धुळीचा बराच भाग भरड असतो. तो नाकात, घशात, मोठ्या श्वासनलिकांत अडकतो आणि खोकला-शिंका करतो. जास्त खोल जाणारे कण जळण्यातून येतात: डिझेल, कोळसा, भंगार लाकूड, प्लास्टिक, कचरा. काही कण तर हवेतच तयार होतात, वायूंचं एकमेकांशी रसायन जमून. म्हणून इमारतीभोवती हिरवं कापड बांधलं आणि रस्त्यावर पाणी मारलं तर पहिल्या प्रकारच्या कणांना थोडा आळा बसतो, दुसऱ्या प्रकारच्या कणांना जवळजवळ नाही.

शहरातला हा धूर सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. पूर्व उपनगरांच्या एका टोकाला देवनारची कचराभूमी आहे, १९२७ पासूनची. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेली आग कित्येक दिवस धुमसत होती, परिसरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, तिचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला. शेजारी गोवंडी. तिथला रुग्णालयीन कचरा जाळणारा प्रकल्प वस्तीपासून हलवावा, एवढ्यासाठी रहिवाशांना उच्च न्यायालयात जावं लागलं. याच भागात क्षयरोगाचं प्रमाणही मोठं आहे. क्षय औषधांनी बरा झाला तरी फुफ्फुसात व्रण राहतात आणि अशा फुफ्फुसांना धूर दुप्पट जाचतो. थोडं पुढे माहुल, तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्यांच्या कुशीत. तानसा जलवाहिनीच्या कडेच्या झोपड्या तोडल्यावर हजारो कुटुंबांना इथल्या इमारतींत आणून ठेवलं गेलं. त्याआधीच, २०१३ मध्ये, केईएम रुग्णालयाने माहुल आणि आंबापाडा इथे पाहणी केली होती. दर तीन माणसांतली जवळजवळ दोन माणसं महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागत असल्याचं सांगत होती. २०१५च्या डिसेंबरात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने इथल्या रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचं नोंदवलं. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की या कुटुंबांना दुसरीकडे घर द्या, नाहीतर दरमहा १५,००० रुपये भाडं द्या. एवढे कागद झाले आणि प्रत्येक कागदाच्या मधली वर्षं माणसांनी ती हवा घेत काढली.

केईएमचा या विषयाशी संबंध तर याहून जुना आहे. १९७०च्या दशकात डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्या कमी-जास्त प्रदूषणाच्या वस्त्या आणि एक ग्रामीण भाग यांतल्या हजारो माणसांची शेजारी शेजारी तपासणी केली. जिथे हवा वाईट तिथे जुनाट खोकला, वारंवार सर्दी, धाप आणि छातीचे विकार जास्त, असं त्यातून निघालं. तेव्हा गिरण्यांची धुराडी होती, हवेतला गंधकाचा वायू ही मुख्य चिंता होती. आज गिरण्या गेल्या, इंधनातलं गंधक कमी झालं, चिंतेची जागा सूक्ष्म कणांनी घेतली. पण 'या शहरात हवेमुळे माणसं आजारी पडतात का?' या प्रश्नाचं उत्तर आपल्याजवळ जवळपास पन्नास वर्षं आहे, तेही परळच्या एका सार्वजनिक रुग्णालयातून आलेलं.

श्वासाबरोबर हे कण आत गेले की काय होतं? माणूस दिवसाला दहा हजार लिटरांहून जास्त हवा आत घेतो. नाकातले केस आणि ओलावा मोठे कण अडवतात. श्वासनलिकांच्या आतल्या अस्तरावर चिकट स्राव असतो आणि त्याखाली अतिसूक्ष्म केसांची सतत हलणारी रांग. अडकलेली घाण ही रांग वर घशाकडे ढकलत राहते, आपण ती नकळत गिळतो किंवा खाकरतो. २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, माणसाच्या केसाच्या जाडीच्या वीस-तिसाव्या हिश्शाएवढे असतात. ते हा सगळा पहारा चुकवून थेट वायुकोशांपर्यंत जातात. वायुकोश कोट्यवधी असतात. सगळे उलगडून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर, म्हणजे साडेसातशे चौरस फूट भरतील, आणि तिथे हवा आणि रक्त यांच्यात अगदी पातळ पडदा उरतो. इथे सफाईला असतात त्या भक्षक पेशी. त्या कण गिळतात, पण काजळी आणि धातू पचवू शकत नाहीत. त्या चिडतात, सूज आणणारी रसायनं सोडतात. दम्याच्या माणसाच्या नलिका मुळात हळव्या असतात, या सुजेने त्या आणखी अरुंद होतात, स्राव वाढतो, श्वास सोडताना शिट्टी वाजते. विषाणू येतोच, पण सफाईची रांग मंदावलेली असल्याने तो जास्त खोल रुजतो. एरवी आठ दिवसांत जाणारा सर्दी-खोकला महिनाभर रेंगाळतो. सर्वांत बारीक कण तर रक्तात उतरतात, म्हणून हिवाळ्यातल्या वाईट हवेच्या दिवसांत फुफ्फुसांइतकंच काम हृदयविकाराच्या विभागालाही पडतं.

लहान मुलांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. वजनाच्या मानाने मूल मोठ्यांपेक्षा बरीच जास्त हवा घेतं, जमिनीच्या जवळ चालतं, जास्त पळतं. त्याची फुफ्फुसं विशीपर्यंत वाढत असतात आणि त्या वयात जी वाढ राहून गेली ती पुढे भरून निघणं फार कठीण. दक्षिण कॅलिफोर्नियात हजारो शाळकरी मुलांची वर्षानुवर्षं फुंकर मोजली गेली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, सर्वांत धुरकट गावांत वाढलेल्या मुलांमध्ये अठराव्या वर्षी फुफ्फुसांची क्षमता कमी असण्याचं प्रमाण स्वच्छ गावांतल्या मुलांच्या सुमारे पाचपट होतं. ही मुलं आजारी म्हणून कुठे नोंदली गेलेली नव्हती. शाळेत जात होती, खेळत होती.

मोबाइलवर दिसणाऱ्या हवा निर्देशांकाबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण त्याच्या रंगांवर आपण फार विसंबतो. आपल्या देशात २०१५ पासून हा निर्देशांक लागू आहे. त्यात पीएम २.५ दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपर्यंत असेल तर हवेला 'समाधानकारक' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिवसभराच्या सरासरीसाठी घालून दिलेली मर्यादा १५ आहे. म्हणजे संघटनेच्या मर्यादेच्या चौपट हवा आपल्याकडे समाधानकारक ठरते आणि 'मध्यम' हा शिक्का बसतो तेव्हा ती सहापटीपर्यंत गेलेली असू शकते. शिवाय हा आकडा २४ तासांची सरासरी सांगतो. पहाटे पाच ते नऊचा गच्च धूर दुपारच्या मोकळ्या हवेत मिसळून कागदावर पातळ होतो, फुफ्फुसात होत नाही. दमा असलेल्या माणसाने 'मध्यम' हा शब्द वाचून निर्धास्त होऊ नये, हे प्रत्येक शाळेच्या आणि दवाखान्याच्या भिंतीवर लिहायला हवं असं मला मनापासून वाटतं.

देशाच्या पातळीवरचं चित्र २०१८ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये छापून आलं. २०१६ साली भारतात सीओपीडीचे, म्हणजे श्वासमार्ग कायमचा आकसत जाण्याच्या आजाराचे, साडेपाच कोटी रुग्ण होते आणि दम्याचे जवळपास पावणेचार कोटी. जगाची १८ टक्के लोकसंख्या आपली, पण जुनाट श्वसनविकारांचा जगावरचा ३२ टक्के भार आपला. सीओपीडी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर विडी ओढणारा म्हातारा येतो. या अभ्यासात सीओपीडीच्या भारातला ५३.७ टक्के वाटा वायुप्रदूषणाचा निघाला, तंबाखूचा २५.४ टक्के. तेव्हा पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असलेले डॉ. संदीप साळवी २००९ पासून हेच सांगत आले आहेत की विडी-सिगारेट कधीही न शिवलेल्या माणसांना हा आजार मोठ्या प्रमाणावर होतो. त्यात चुलीपुढे जन्म काढलेल्या बायका आहेत. खेड्यातल्या ज्या आजीने आयुष्यात कधी विडी ओढली नाही, तिची फुंकर यंत्रावर मोजली तर ती चाळीस वर्षं विडी ओढणाऱ्याच्या जवळपास निघू शकते. हिवाळ्यात दारं-खिडक्या बंद, अंघोळीच्या पाण्याला चूल, डासांना कॉइल. एका कॉइलमधून निघणारा सूक्ष्म कणांचा धूर शंभरेक सिगारेटींइतका असतो. घरातली हवा आणि बाहेरची हवा असे दोन कप्पे आपण मनात करतो, छातीत तसे कप्पे नसतात.

आता औषधाबद्दल, कारण इथे महाराष्ट्रातल्या घराघरांत दरवर्षी टाळता येणारं दुखणं सोसलं जातं. इनहेलरला आपण 'पंप' म्हणतो आणि पंपाची भीती वाटते. सवय लागते, शेवटचा उपाय आहे, मुलीला पंप दिला तर उद्या लग्नात अडचण येईल, ही वाक्यं शिकलेल्या घरांतही सहज ऐकू येतात. मग आई-वडील गोळी आणि सिरप मागतात. साधा हिशेब पाहू. सालब्युटामॉलच्या पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं, तेच औषध गोळीतून द्यायचं तर २ ते ४ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे २० ते ४० पट. पंपातलं औषध जिथे लागतं तिथेच जातं. गोळीतलं पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या शरीरात फिरतं, हात थरथरतात, छाती धडधडते. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. दम्याचे पंप दोन प्रकारचे असतात. एक लगेच आराम देणारा, दुसरा रोज घ्यायचा, सूज कमी ठेवणारा, ज्यात अगदी थोडं स्टेरॉइड असतं. आपल्याकडे अनेक रुग्ण फक्त पहिला वापरतात, तोही अडचण आल्यावर. २०१९ पासून दम्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात की नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर दम्याचा उपचार चालवू नये. आराम मिळतो, सूज वाढतच राहते आणि नोव्हेंबरातल्या एखाद्या वाईट हवेच्या रात्री तो पंपही पुरत नाही. ज्याला दर हिवाळ्यात त्रास होतो, त्याचा सूज आवरणारा पंप पाऊस संपायच्या आधीच डॉक्टरांशी बोलून नियमित व्हायला हवा. लहान मुलांना स्पेसर लावून द्यायला हवा. त्या प्लास्टिकच्या नळकांड्याशिवाय निम्मं औषध जिभेवरच राहतं.

आणि दिवाळी. हा अंक तुमच्या हातात आहे तो सणाच्या दिवसांत, म्हणून हे टाळता येत नाही. आपल्याकडे नरकचतुर्दशीला पहाटे उठायचं, उटणं लावून अभ्यंगस्नान करायचं, पायाखाली कारीट फोडायचं आणि उजाडायच्या आत पहिला फटाका कोण उडवतो याची चढाओढ लागते. या चढाओढीची वेळ वर सांगितलेल्या झाकणाची वेळ आहे. रात्रीचा धूर अजून वर गेलेला नसतो, त्यात हा भरतो. फटाक्यांच्या आवाजावर आपण बरंच बोललो, धुरावर कमी. चेस्ट रिसर्च फाउंडेशनने पुण्यातल्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन २०१६ मध्ये, लहान मुलं उडवतात त्या फटाक्यांचा धूर ती उभी राहतात तेवढ्या अंतरावर मोजला. आवाज न करणारी नागगोळी सर्वांत वाईट निघाली: पीएम २.५ दर घनमीटरला ६४,५०० मायक्रोग्रॅमपर्यंत. हजारच्या लडीपेक्षाही जास्त, लडीचा आकडा ३८,५४० होता. फुलबाजी १०,३९०, भुईचक्र ९,४९०, अनार ४,८६०. लडीपासून मूल कान झाकून लांब पळतं. नागगोळीवर मात्र ते ओणवं होऊन, नाक जवळ नेऊन, काळा नाग वळवळत वर येताना पाहत राहतं. आवाजाची भीती वाटणाऱ्या सर्वांत लहान मुलाच्या हाती आपण मोठ्या मायेने हीच गोळी देतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली, २०२३च्या नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयानेही तीच वेळ कायम केली. घरातल्या एका मुलाला दमा असेल तर त्या घराला न्यायालयाची गरज पडू नये. पणत्या, आकाशकंदील, किल्ला, फराळ एवढं सगळं असलेल्या सणातून एक काळी गोळी वजा झाली तर सणाचं काही उणं होत नाही.

हे फक्त मुंबई-पुण्याचं नाही. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९च्या जानेवारीत सुरू झाला तेव्हा हवेच्या मानकांत नापास झालेल्या शहरांच्या यादीत सर्वांत जास्त शहरं महाराष्ट्रातली होती: चंद्रपूर, जालना, सोलापूर, सांगली, कोल्हापूर, अकोला, लातूर, जळगाव आणि इतर. चंद्रपूरला २,९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे, सभोवती कोळशाच्या खाणी, जवळ सिमेंटचे कारखाने. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९च्या प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथं होतं. तिथे खारा वारा नाही आणि विदर्भातली थंडी मुंबईपेक्षा कडक, त्यामुळे हिवाळी पहाटेचं झाकण जास्त घट्ट. पश्चिम महाराष्ट्रात हेच महिने गाळप हंगामाचे. तोड सोपी व्हावी म्हणून ऊस पेटवला जातो, तोडीनंतर फडात पाचट जाळलं जातं. काही भागांत गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाडाच्या जोडीला टायर आणि प्लास्टिक जाळल्याच्या तक्रारी येत असतात. पंजाबातल्या भाताच्या पेंढ्यांवर देशभर चर्चा होते, आपल्या पाचटावर होत नाही. पाचट सरीत कुजवलं तर जमिनीला खत मिळतं, पाणी टिकतं, हे कृषी विद्यापीठं वर्षानुवर्षं सांगत आली आहेत. पण फडाशेजारी पालांत राहणाऱ्या ऊसतोड कामगाराच्या तान्ह्या मुलाने त्या चार महिन्यांत किती धूर घेतला, हे मोजणारं यंत्र तिथे जवळपास कुठेही नाही.

शासन काहीच करत नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई महापालिकेने नियमावली काढली: एक एकराहून मोठ्या बांधकामाभोवती ३५ फूट उंच पत्रे, हिरवं कापड, पाण्याचे फवारे, झाकलेली वाहनं. त्याच महिन्याच्या अखेरीला उच्च न्यायालयाने आपणहून या प्रश्नाची दखल घेतली. ३० डिसेंबर २०२४ रोजी निर्देशांक २००च्या वर गेला म्हणून बोरिवली पूर्व आणि भायखळ्यातली सगळी बांधकामं थांबवली गेली. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. हे आदेश स्वागतार्हच आहेत. पण त्यांच्या तारखा पुन्हा वाचा. ऑक्टोबरअखेर, डिसेंबरअखेर, जानेवारी. झाकण बसल्यावर, दवाखाने भरल्यावर आपण जागे होतो. फेब्रुवारीत वारा सुटतो, बातम्या थांबतात आणि ज्या सात-आठ महिन्यांत काम व्हायला हवं ते रिकामे जातात. काम थांबवलं की नाक्यावरच्या मजुराची रोजी बुडते, हेही त्यात येतं. वर्षभर नियम पाळले गेले असते तर त्याच्यावर ही पाळी आली नसती.

धूर कमी केला तर खोकला खरंच कमी होतो का, अशी शंका कुणी घेतली तर अमेरिकेतल्या युटा व्हॅलीकडे बोट दाखवता येतं. डोंगरांनी वेढलेलं हे खोरं, हिवाळ्यात तिथेही असाच थर अडकतो. खोऱ्यात एक मोठा पोलाद कारखाना होता. कामगारांशी झालेल्या तंट्यात तो १९८६च्या ऑगस्टपासून वर्षभराहून थोडा अधिक काळ बंद राहिला आणि १९८७च्या सप्टेंबरात पुन्हा सुरू झाला. अर्थशास्त्राचे प्राध्यापक आर्डेन पोप यांनी स्थानिक रुग्णालयांच्या नोंदी काढून पाहिल्या. ब्राँकायटिस आणि दम्यासाठी दाखल होणाऱ्या मुलांची संख्या कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत, बंद हिवाळ्याच्या तुलनेत, दुप्पट ते तिप्पट होती. खोरं तेच, थंडी तीच, विषाणू तेच. आणि ज्या कॅलिफोर्नियाचा उल्लेख वर आला, तिथे वाहनं आणि इंधन यांचे नियम कडक होत गेले, तशी पुढच्या पिढीची फुंकर मोजली गेली. १९९०च्या दशकात पंधरा वर्षांच्या मुलांपैकी ७.९ टक्के मुलांची फुफ्फुसं कमी भरत होती, २०११ पर्यंत ते प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं.

युटाच्या त्या अभ्यासाला उपग्रह लागला नाही की महागडी यंत्रणा. लागल्या त्या दोन वह्या: एक हवेच्या आकड्यांची, एक रुग्णालयाच्या दाखल्यांची. आपल्याकडे हवेचे आकडे तासातासाला जाहीर होतात. मुंबईत केईएम, नायर, शीव, कूपर ही पालिकेचीच रुग्णालयं आहेत, प्रत्येकाच्या बालरोग विभागात रोज किती मुलांना नेब्युलायझर लावला याची नोंद परिचारिका ठेवत असतात. गोवंडीच्या शताब्दी रुग्णालयातही ती असते. हे आकडे, नावं वगळून, हवेच्या आकड्यांशेजारी रोज लोकांसमोर ठेवायला नवा कायदा लागत नाही. जिल्हा रुग्णालयांनी चंद्रपुरात, जालन्यात, सोलापुरात तेच करावं. बांधकामांची आणि आरएमसी प्रकल्पांची तपासणी ऑगस्टमध्ये व्हावी, बेकऱ्यांना नवी भट्टी घ्यायला स्वस्त कर्ज तेव्हाच मिळावं, पाचट कुट्टी करणारी यंत्रं कारखान्यांनी गाळपाआधी फडांपर्यंत पोचवावीत, आणि प्रत्येक आरोग्य केंद्रात सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत सूज आवरणारे पंप आणि स्पेसर पुरेसे असावेत. या सगळ्याची मुदत ८ ऑक्टोबर.